संगणकाचा वेग वाढविताना व्होल्टेजला हात कधी लावावा?

राजोडीसारख्या गावात संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान टाकणाऱ्या तरुणाकडे लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करणारे गिऱ्हाईक येते आणि म्हणते, नवा प्रोसेसर परवडत नाही, आहे त्याचाच वेग वाढवून द्या. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मजुरी चारपाचशे रुपये मिळणार. मदरबोर्ड जळाला तर भरपाई हजारांत जाणार. तेव्हा हे काम घेण्यापूर्वी व्होल्टेजचा हिशेब नीट समजून घ्यावा.

पुष्कळांना वाटते की स्टॅबिलायझर लावला म्हणजे व्होल्टेजचा प्रश्न मिटला. ते व्होल्टेज वेगळे. घरातील २३० व्होल्टचे एसएमपीएस १२ व्होल्ट करते आणि मदरबोर्डवर प्रोसेसरशेजारी चोक व मॉस्फेटची जी रांग दिसते, ती त्याचे सव्वा व्होल्टच्या आसपास करते. शंभर वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला १.२५ व्होल्टवर ८० अँपिअर प्रवाह लागतो. स्वस्त बोर्डावर ही रांग तोकडी असते, वर धातूची पट्टीही नसते. प्रोसेसर टिकतो आणि बोर्ड जातो, तो येथे.

आता उष्णतेचे गणित पाहा. वेग दहा टक्के वाढविला तर वीज साधारण दहा टक्के वाढते. व्होल्टेजचे मात्र वर्गाने वाढते. १.२० चे १.३२ केले की नुसत्या त्यानेच २१ टक्के वाढ, आणि दोन्ही मिळून ३३ टक्के. म्हणजे ६५ वॅटचा प्रोसेसर ८६ वॅटवर गेला, पंखा मात्र जुनाच!

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला तेव्हा ही विद्या घरोघरी पोहोचली. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळे. त्याचे मूळ व्होल्टेज २.० होते, पुष्कळ नग तेवढ्यावरच चालत, काहींना थोडे वाढवून द्यावे लागे. त्या काळी संपर्कपट्ट्यांवर चिकटपट्टी लावून किंवा पेन्सिलीच्या रेघेने रोध बदलून व्होल्टेज वाढविणारेही होते. आज तसले उद्योग कोणी करू नयेत. बायोसमध्ये सोय नसेल तर तो बोर्ड या कामाचा नाही असे समजावे. इंटेलमध्ये तर नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' मालिकेचा बोर्ड नसेल तर सहसा गुणकच उघडत नाही.

जादा व्होल्टेजचा फटका मोठ्या कंपन्यांनाही बसला आहे. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० एक्सथ्रीडी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. त्यानंतर नव्या बायोसने एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. ऑगस्टमध्ये आलेल्या मायक्रोकोडने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली, पण आधीच बिघडलेले नग त्याने सुधारले नाहीत. म्हणून असे यंत्र हाती आले की सर्वांत आधी बायोस अद्ययावत करावा.

मग मूळ आकडे वहीत लिहावेत आणि गिऱ्हाइकाच्या फाइलींची प्रत काढावी. व्होल्टेज 'ऑटो'वर मुळीच ठेवू नये. वेग वाढला की बोर्ड सढळ हाताने व्होल्टेज सोडतो. ते मूळ आकड्यावर पक्के करून वेग १०० मेगाहर्ट्झने वाढवावा व तासभर पूर्ण भार द्यावा. यंत्र अडले तरच ०.०१ ते ०.०२ व्होल्ट वाढवावे. पूर्ण भाराखाली तापमान ८५ अंशांच्या वर गेले, किंवा व्होल्टेज वाढवूनही वेग टिकेना, की मागे फिरावे. भाराखाली व्होल्टेज किंचित उतरते ते नैसर्गिक आहे. ती घट भरून काढणारी लोड-लाइनची सोय टोकाला नेली तर भार सुटताच व्होल्टेज उसळी घेते. पडदा काळाच राहिला तर घाबरू नये, वीज काढून सीएमओएसचा जंपर वापरावा.

आपल्या किनारपट्टीची गोष्ट निराळी. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तितकाच तापतो, म्हणून जानेवारीतल्या रात्रीची चाचणी मे महिन्याच्या दुपारी खरी धरू नये. खारी, दमट हवा धुळीबरोबर बोर्डावर बसते आणि पावसाळ्यात तांब्याच्या रेषा खाते. आधी कॅबिनेट स्वच्छ करावे, थर्मल पेस्ट बदलावी. पुष्कळदा प्रोसेसर तापून आपला वेग आपणच कमी करीत असतो. तेवढ्या साफसफाईनेच तो परत मिळतो.

वाढीव व्होल्टेजमुळे वॉरंटी जाऊ शकते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगून बिलावर लिहून घ्यावे. आणि माझे मत विचाराल तर किनाऱ्यावरच्या दुकानदाराने उलटे काम शिकावे : वेग तोच ठेवून व्होल्टेज हळूहळू कमी करणे. १.२५ चे १.१५ वर स्थिर चालले तर उष्णता साधारण १५ टक्क्यांनी उतरते. कमी व्होल्टेजने यंत्र फार तर अडेल, जळणार नाही. मात्र अडलेल्या यंत्राने फाइल बिघडू शकते, म्हणून तासभराची चाचणी येथेही हवीच.