चुना, गेरू आणि झेंडू



दसरा जवळ आला की गावात घरं आवरायची घाई सुरू होते. गोधड्या ओढ्यावर जातात. भांडी घासून लख्ख होतात. मग नजर भिंतीकडे जाते. चार महिन्यांच्या पावसाने भिंत ओली झालेली असते. कुठे पोपडे निघालेले, कुठे काळी बुरशी धरलेली. आणि सण तर तोंडावर आलेला.

अशा वेळी पुष्कळ जण उधारीवर रंगाचे डबे आणतात. एका घराची गोष्ट सांगतो. घर मातीचं होतं. मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. घरधन्याने ठरवलं, सोप्याच्या भिंती तेलरंगाने रंगवायच्या. पैसे दिवाळीनंतर द्यायचे.

कारभारीण म्हणाली, "अहो, भिंत अजून ओली हाय. रंग टिकायचा न्हाई."

"अगं, पण पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुणे दोन घटका बसून जातील. उधारी वर्षभर बसंल."

घरधनी मुकाट्याने बाजारात गेला आणि चुना घेऊन आला. सोयरीक जुळली का, असं तुम्ही विचाराल. जुळली. पण ती चुन्यामुळे जुळली असं मी म्हणणार नाही.

त्या बाईचं म्हणणं मात्र अगदी बरोबर होतं. मातीची भिंत जमिनीतून ओल वर ओढते. ती ओल हळूहळू हवेत उडून जाते. वरून तेलरंग दिला की भिंतीचं तोंड बंद होतं. ओल आत कोंडते आणि रंगाला बाहेर ढकलते. मग पापुद्रे सुटतात. चुन्याचं तसं नाही. चुन्यातून ओल बाहेर पडते. शिवाय चुना तीव्र असतो, त्यामुळे ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही.

आता चुना कसा द्यायचा ते पाहू. आधी भिंत झाडून घ्या. भेगा लिंपून घ्या आणि लिंपण पुरतं वाळू द्या. दसरा ते दिवाळी साधारण वीस दिवस मिळतात. पाऊस उघडला असेल तर हेच दिवस चांगले.

कळीचा चुना आणा. 5 किलो चुन्याला साधारण 25 लिटर पाणी लागतं. लोखंडी टिपात पाणी घ्या. प्लॅस्टिकची बादली नको, ती उष्णतेने मऊ पडते. जर्मनचं भांडंही नको, त्याला चुना खातो. पाण्यात चुन्याच्या कळ्या थोड्या थोड्या सोडा. कळ्यांवर पाणी ओतू नका. चुना विरताना पाणी खदखदा उकळतं आणि शिंतोडे उडतात.

इथे जरा थांबा. ही गोष्ट नीट वाचा, आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. चुना डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. चुना विरवताना लेकरांना जवळ येऊ देऊ नका. तोंड टिपापासून दूर ठेवा. डोळ्यांवर चष्मा लावा. अंगभर कपडे घाला. छताजवळ कुंचा फिरवताना वर तोंड करून पाहावं लागतं, तेव्हाही चष्मा काढू नका. एवढं करूनही डोळ्यात गेलाच, तर डोळा चोळू नका. लगेच स्वच्छ पाण्याने धुवा. एक तांब्या ओतून भागत नाही. पापणी उघडी धरून निदान वीस मिनिटं पाण्याची धार सोडत राहा. तूप, तेल, लिंबू, दूध असलं काही घालू नका. मग तडक दवाखान्यात जा. दुखायचं थांबलं तरी जा. तंबाखूच्या चुन्याची पुडीसुद्धा लेकरांच्या हाती देऊ नका. ती दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो.

विरवलेला चुना एक दिवस तसाच राहू द्या. मग जाड्याभरड्या फडक्यातून गाळा. 100 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात घाला. डिंकाने चुना धरून राहतो, अंगाला लागत नाही. चिमूटभर नीळ घातली की पांढरा रंग खुलतो. जास्त घालू नका, नाहीतर भिंत आकाशाशी स्पर्धा करील!

चुना दुधासारखा पातळ हवा. भिंतीवर आधी पाणी शिंपडा, मग कुंचा फिरवा. पहिला हात दिल्यावर भिंत मळकट दिसेल. घाबरू नका. चुना वाळल्यावर पांढरा होतो. एकच जाड हात देऊ नका, तो पोपडा होऊन पडतो. पातळ तीन हात द्या. आधीचा हात वाळला की मगच दुसरा.

भिंतीच्या पायाशी हातभर उंचीचा गेरूचा पट्टा ओढा. तो नुसता शोभेचा नाही. पागोळ्यांचा चिखल तिथेच उडतो, आणि गेरूवर तो डोळ्यात भरत नाही. पट्ट्याच्या वरच्या कडेला पांढरी वेल, नाहीतर टिपक्यांची ओळ काढा. रेघ वाकडी आली तरी चालेल. आयुष्यभर मुलांच्या रेघा सरळ करून घेतल्या, तरीही हे सांगतो आहे.

भिंतीवर चित्रं काढायला महागडे रंग लागतात असं कोणाला वाटत असेल, तर त्याने पालघर जिल्ह्यातील वारली लोकांकडे पाहावं. त्यांच्या घरी लग्न निघालं की बाया गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. पीठ, पाणी आणि टोक ठेचलेली बांबूची काडी, एवढंच सामान. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला लग्नाच्या चौकाबाहेर नेली. शेतं, नाच, झाडं, पाखरं काढली. 2011 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. 2018 साली ते वारले. मात्र आपल्या भागात जे काढतात ते सोडून दुसऱ्याची नक्कल कशाला करायची? पोळ्याची बैलजोडी, पाडव्याची गुढी, गौरीची पावलं, ज्या त्या सणाचं त्या त्या वेळी काढावं. गेरूचा एक हात दिला की जुनं चित्र झाकतं आणि पाटी कोरी होते.

दारं-खिडक्यांना मात्र तेलरंग लागतोच. तिथे एक जपा. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. ते पोटात गेलं की लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो. 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त शिसं ठेवायला कायद्याने बंदी आहे. नवा डबा घेताना त्यावरचं वाचा. आता तुम्हाला वाचता येतं. जुना रंग कोरडा खरडू नका, ओला करून खरडा. खरवड गोळा करून पुरून टाका. लेकरांना तिकडे फिरकू देऊ नका.

राहिलं तोरण. बाजारातली प्लॅस्टिकची फुलं वर्षभर टिकतात म्हणतात. टिकतात खरी, पण धूळ खात टिकतात. त्यापेक्षा श्रावण लागताच परसात झेंडूचं बी टाका. दोन-सव्वादोन महिन्यांत, ऐन दसऱ्याला फुलं येतात. आंब्याची पानं आणि झेंडू दोऱ्यात ओवले की झालं तोरण.

दिवाळीचा आकाशकंदील पोरांना करू द्या. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि कणकेची खळ एवढं पुरे. खळीत थोडा मोरचूद घालतात, पण तो विषारी असतो. मुलांच्या हाती तो देऊ नका, खळ रोज ताजी करा. कंदिलात पणती ठेवू नका, कागद पेट घेतो. विजेचा छोटा एलईडी दिवा लावा, तो फारसा तापत नाही. दिवाळी झाली की कागद काढून टाका आणि सांगाडा माळ्यावर ठेवा. पुढच्या वर्षी फक्त कागद लागेल. तोरणातली वाळलेली झेंडूची बोंडंही फेकू नका. ती चुरून बी एका फडक्यात बांधा आणि कोरड्या जागी टांगून ठेवा.