अभियांत्रिकीतील स्त्रिया : प्रवेश आणि सोबत

मुलींच्या अभियांत्रिकी शिक्षणाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा प्रवेशापर्यंतच. सीईटीला गुण किती पडले, महाविद्यालय कोणते मिळाले, शुल्क किती माफ झाले, एवढ्यावर चर्चा थांबते. प्रवेशानंतरची चार वर्षे आणि नोकरीतील पुढची तीस वर्षे ती मुलगी कोणाच्या सोबतीने काढते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इतिहासाचे अध्यापन करताना आम्हांस नेहमी असे जाणवत आले आहे की, या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशातील पहिल्या महिला अभियंत्यांच्या चरित्रांत सापडते. त्यांपैकी एका चरित्राचा येथे थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

ए. ललिता यांचा जन्म २७ ऑगस्ट १९१९ रोजी मद्रासमध्ये एका सुशिक्षित तेलुगू कुटुंबात झाला. पंधराव्या वर्षी विवाह, अठराव्या वर्षी वैधव्य आणि पदरात चार महिन्यांची मुलगी. त्या काळच्या उच्चवर्णीय समाजात अशा स्त्रीच्या वाट्याला काय येत असे, हे वाचकांस सांगावयास नको. परंतु त्यांचे वडील पप्पू सुब्बाराव हे गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. मुलीने पुन्हा शिकावे असे त्यांनी ठरविले. ललितांनी क्वीन मेरीज महाविद्यालयातून इंटरमीडिएट पूर्ण केले. वैद्यकीय शाखा त्या काळी स्त्रियांना खुली झालेली होती. मात्र रात्री-अपरात्री जावे लागणाऱ्या पेशात लहान मुलीचे संगोपन कसे व्हावे, या विचाराने त्यांनी अभियांत्रिकी निवडली. गिंडीत तोवर एकही विद्यार्थिनी नव्हती. प्राचार्य के. सी. चाको आणि मद्रास प्रांताचे शिक्षण संचालक आर. एम. स्टॅथम यांची अनुमती मिळवून १९४० मध्ये त्यांना प्रवेश देण्यात आला.

यानंतरची हकीकत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. शेकडो मुलांच्या त्या महाविद्यालयात ललितांना कोणी त्रास दिला अशी नोंद नाही, उलट वागणूक चांगलीच होती. तरीही वसतिगृहात त्यांना एकटेपणा असह्य होऊ लागला. मुलगी नातेवाइकांकडे, सायंकाळी बोलावयास कोणी नाही, वर्गात शंका विचारावी तर सगळ्यांच्या नजरा वळतात! वडिलांनी यावर जो उपाय केला तो व्यवहारी होता. या महाविद्यालयात मुलींनाही प्रवेश मिळतो हे जाहीर व्हावे, यासाठी त्यांनी महाविद्यालयाकडे प्रयत्न केले. त्याचे फळ म्हणून पुढच्या तुकडीत पी. के. त्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज या दोघी स्थापत्य शाखेत दाखल झाल्या. १९४३ मध्ये ललिता विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीधर झाल्या, आणि युद्धामुळे अभ्यासक्रम आखूड केला गेल्याने या दोघीही त्यांच्याबरोबरच बाहेर पडल्या. प्रमाणपत्राच्या छापील मजकुरात विद्यार्थ्यासाठी पुल्लिंगी सर्वनाम होते. ते खोडून हाताने स्त्रीलिंगी सर्वनाम लिहावे लागले. पुढे त्रेसिया १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मुख्य अभियंता झाल्या. एका मुलीचे एकटेपण दूर व्हावे म्हणून केलेल्या खटपटीतून एका राज्याला मुख्य अभियंता मिळाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ललितांचे कर्तृत्व निःसंशय मोठे आहे, परंतु त्यांच्यासाठी दार आतून उघडले गेले होते, कारण वडील त्याच महाविद्यालयात प्राध्यापक होते. ज्या मुलीचा बाप त्याच इमारतीच्या बांधकामावर विटा वाहत असेल, तिच्यासाठी दार कोण उघडणार? हा प्रश्न त्याच वर्षांत दुसरीकडे एक व्यक्ती मांडत होती. जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले आणि २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, त्यासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या हव्यात, असा त्याचा एक आशय होता. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी, अशीही मागणी त्यात होती.

पदवीसाठी आवश्यक असलेली ललितांची व्यावहारिक उमेदवारीही रेल्वेच्याच, जमालपूर येथील कारखान्यात झाली. म्हणजे एका बाजूस एक विधवा तरुणी रेल्वे कारखान्यात लेथ आणि इंजिने शिकत होती, आणि त्याच सुमारास बाबासाहेब त्याच खात्याच्या कारखान्यांचे दार आपल्या मुलांसाठी ठोठावत होते. दोन वाटा इतक्या जवळून गेल्या, तरी एकमेकींस मिळाल्या नाहीत. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कितीतरी घरांत तिच्याच आधारावर पदवी आलेली आहे. बौद्धांना केंद्रीय पातळीवर अनुसूचित जातींच्या सवलती मिळण्यास मात्र १९९० उजाडावे लागले. तोवर रेल्वे वा केंद्राच्या इतर उपक्रमांत अभियंता होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींची जी कोंडी झाली, तिचा इतिहास अद्याप कोणी नीट लिहिलेला नाही.

ललितांकडे परत येऊ. सिमला येथे केंद्रीय मानक संघटनेत काही काळ काम केल्यावर १९४८ मध्ये त्या कलकत्त्यास असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत रुजू झाल्या. वीजवाहक तारांच्या मार्गांचे आणि उपकेंद्रांचे आराखडे हे त्यांचे काम. भाक्रा-नांगलच्या विद्युत जनित्रांच्या कामातही त्यांचा वाटा होता. कलकत्त्यात त्या भावाकडे राहत आणि भावजय मुलीकडे पाहत असे. स्त्री अभियंत्याच्या चरित्रात या भावजयीचे नाव सहसा येत नाही. आम्हांस ते यावे असे वाटते.

जून १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे महिला अभियंते आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ३५ देशांतील स्त्रिया तेथे आल्या. भारतात अशी कोणतीही संघटना नसल्याने ललिता व्यक्तिशः गेल्या. दीडशे वर्षांपूर्वी आपणास पतीच्या चितेवर जावे लागले असते, अशा आशयाचे उद्गार त्यांनी तेथील पत्रकारांपाशी काढले. सतीबंदीचा कायदा १८२९ चा आहे, हे लक्षात घेता त्यांचा हिशेब बरोबर होता. पुढच्या वर्षी लंडनच्या विमेन्स इंजिनीअरिंग सोसायटीने त्यांना पूर्ण सदस्यत्व दिले.

ही लंडनची संस्था २३ जून १९१९ रोजी सात स्त्रियांनी स्थापिली. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा इंग्लंडच्या कारखान्यांत हजारो स्त्रियांनी यंत्रे चालविली. युद्ध संपताच युद्धपूर्व पद्धती पुन्हा आणणारा कायदा करून त्यांना घरी पाठविण्यात आले. शिकलेले कौशल्य वाया जाऊ नये म्हणून त्या एकत्र आल्या. अमेरिकेतील सोसायटी ऑफ विमेन इंजिनीअर्स १९५० ची. न्यूयॉर्कची परिषद तिनेच भरविली होती.

परंतु स्त्रियांची संघटना झाली म्हणजे सर्व स्त्रियांना सोबत मिळाली, असे होत नाही. यव्होन क्लार्क या कृष्णवर्णीय तरुणीला लुईव्हिल विद्यापीठाने वर्णामुळे प्रवेश नाकारला. पालकांनी न्यायालयात जाण्याची तयारी दाखविताच तिने राज्याबाहेर शिकावे म्हणून केंटकी सरकारने खर्च सोसला! १९५१ मध्ये ती हॉवर्ड विद्यापीठातून यांत्रिकी अभियंता झाली. हा मान मिळविणारी तेथील पहिली स्त्री. पुढे १९५७ मध्ये याच सोसायटीचे अधिवेशन ह्यूस्टनला भरले असता तेथील हॉटेलने तिला इतर सदस्यांप्रमाणे वावरू दिले नाही. यानंतर वर्णभेद चालणाऱ्या दक्षिणेत अधिवेशन भरवावयाचे नाही, असे संघटनेने ठरविले. क्लार्क यांनी टेनेसी स्टेट विद्यापीठात पन्नासहून अधिक वर्षे अध्यापन केले. आपल्या लोकांस या प्रसंगाचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही. आज महाविद्यालयाच्या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मुलीला तिचा गुणानुक्रम विचारला जातो, तो बहुधा गुणांच्या जिज्ञासेपोटी नसतो.

आता आपल्या मुलींकडे पाहू. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत, शिष्यवृत्ती आहे, फ्रीशिप आहे. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाण्याची वाट आहे, आणि कमावणे लवकर सुरू करण्याची निकड असलेल्या घरांना ती अधिक मानवते. पुण्यात कर्वे संस्थेने केवळ मुलींसाठी १९९१ मध्ये काढलेले कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दारे आहेत. तरीही जात पडताळणी प्रमाणपत्र वेळेवर न निघाल्याने हातची जागा जाते. इंग्रजीतून शिकविलेले न कळल्याने पहिल्या सत्रात गणित राहते. मुलगी हे घरी सांगत नाही, आणि आई-वडिलांना गणित राहणे म्हणजे काय हे ठाऊक नसते. अशा वेळी तिला हवी असते ती हाच घाट आधी चढलेली एखादी ताई. बौद्ध परंपरेतील कल्याणमित्र हा शब्द आम्हांस येथे अगदी व्यवहारी अर्थाने घ्यावासा वाटतो.

आपल्या वसतिगृहाच्या ज्या माजी विद्यार्थिनी आज वीज मंडळात, पाटबंधारे खात्यात वा संगणक कंपन्यांत अभियंता आहेत, त्यांनी वर्षातून केवळ वर्धापनदिनास येऊन सत्कार स्वीकारण्यापेक्षा एकेका मुलीचे पहिले सत्र आपल्याकडे घ्यावे. आठवड्याला एक दूरध्वनी पुरेसा आहे. प्रमाणपत्रांचे अर्ज अकरावीतच भरून घ्यावेत, ड्रॉइंगचे जुने साहित्य आणि पुस्तके पुढील तुकडीस द्यावीत, नोकरीच्या मुलाखतीत काय विचारतात ते सांगावे. पालकांसही एक विनंती आहे : अभियांत्रिकीस गेलेल्या मुलीस सुटीत घरकामास जुंपण्याआधी तिच्या गावातील वा तालुक्यातील अशा दुसऱ्या मुलीची भेट घडवून आणा. यंदा बारावी विज्ञान शाखेत असलेल्या मुलींची यादी शाळेच्या कार्यालयात आहे. ज्या ताईंना आपले नाव त्यापुढे लिहावयाचे आहे, त्यांनी मे महिन्यापूर्वी, म्हणजे निकाल लागण्याच्या आत, लिहावे.