इंजिन तापले? आधी पाण्याची वाट तपासा

मिरकरवाडा असो, हर्णै असो की साखरीनाटे, मच्छीमारीच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. कोणी नाखवा, कोणी तांडेल, तर कोणी इंजिनाचा मिस्त्री. या सर्वांच्या ओळखीची एक तक्रार म्हणजे इंजिन तापणे. काटा वर गेला की लगेच हेड उघडण्याची भाषा सुरू होते. आमचे सांगणे असे की, हेडला हात लावण्यापूर्वी पाणी ज्या वाटेने इंजिनात येते व बाहेर पडते, ती वाट समुद्राकडून क्रमाने तपासावी. दोष बहुधा कमी खर्चाच्या जागी असतो. तिकडे दुर्लक्ष झाले तरच खर्च हेडपर्यंत पोहोचतो.

पाणी थंडावा कसे देते?

काही इंजिनांत समुद्राचे खारे पाणीच फिरते. काहींत आत गोडे पाणी फिरते व हीट एक्सचेंजरमध्ये खारे पाणी त्याची उष्णता घेऊन बाहेर पडते. गोड्या पाण्याचे इंजिन साधारण ७५ ते ९० अंश सेल्सिअसवर चालते. थेट खाऱ्या पाण्याचे त्याहून थंड, सुमारे ६० अंशांच्या आसपास ठेवतात. कारण पाणी जास्त तापले की क्षार आत धरतात. म्हणून आपल्या इंजिनाचा नेहमीचा आकडा तांडेलाला पाठ असावा.

समुद्रात काटा चढला तर

प्रथम वेग कमी करून गिअर न्यूट्रलला आणावा. किनारा किंवा खडक जवळ असेल तर नांगर टाकावा. मग पाणी बाहेर पडण्याचे तोंड पाहावे. पाणी येत असेल तर इंजिन मंद चालू ठेवावे; येत नसेल किंवा नुसती वाफ येत असेल तर इंजिन बंद करावे. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. उकळते पाणी उसळून चेहरा व हात भाजतात. निदान अर्धा तास थांबावे. तापलेल्या इंजिनावर किंवा आत थंड पाणी ओतू नये. ओतीव लोखंडाला तडा जातो.

तपासणीचा क्रम

१) तळाचा व्हॉल्व पूर्ण उघडा आहे का? बाहेरच्या जाळीला प्लास्टिकची पिशवी, शेवाळ किंवा शिंपले चिकटले आहेत का?

२) गाळणी साफ करावी. झाकणाचे रबर फाटले असेल तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. पाइप आतून पिचकला आहे का, तेही पाहावे.

३) पंपाचा पट्टा सैल आहे का? मग पंप उघडून रबरी इम्पेलर पाहावा. पाते तुटले असेल तर नवा इम्पेलर बसवून काम संपत नाही. तुटलेला तुकडा पाण्याबरोबर पुढे जाऊन एक्सचेंजरच्या तोंडाशी अडकतो. सगळे तुकडे मोजून काढावेत.

४) थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात दोरीने टांगावा व पाणी तापवावे. त्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. बिघडला असेल तर नवा बसवावा. कायमचा काढून टाकण्याची सवय वाईट. इंजिन थंड चालून डिझेल नीट जळत नाही; काही इंजिनांत तर पाणी आडवाटेने फिरून ते उलट जास्त तापते.

५) एक्सचेंजरच्या नळ्यांत क्षार व गाळ असेल तर मऊ ब्रशने काढावा. झिंकचा तुकडा अर्धा झिजला की बदलावा.

एवढे करूनही दोष राहिला, टाकीत सतत बुडबुडे येऊ लागले किंवा ऑइल दुधासारखे पांढरट झाले, तर मात्र गॅस्केट, हेड किंवा ऑइल कूलरचा संशय घ्यावा व जाणत्या मिस्त्रीला दाखवावे.

लक्षणे काय सांगतात?

सुरू करताच तापले तर बहुधा पाणीच येत नाही. मंद चालताना ठीक, पण जोर दिला की तापते, अशा वेळी वाट अर्धवट तुंबलेली असते. तळावर शिंपले वाढले असतील किंवा पंख्यात जाळे अडकले असेल तर इंजिनावर जादा भार पडूनही हेच होते. दर महिन्याला काटा थोडा-थोडा चढत गेला तर नळ्यांत क्षार धरत आहे.

दोन सवयी

इंजिन चांगले असताना बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून ती किती सेकंदांत भरते, हे वहीत लिहून ठेवावे. इंजिनाचा वेग तोच ठेवून महिन्याने पुन्हा मोजावे. वेळ वाढली म्हणजे वाट तुंबू लागली. दुसरे असे की, पावसाळी बंदीत होडी वर ओढली की इम्पेलर काढून ठेवावा. पाती वाकलेल्या अवस्थेत महिनोन्महिने राहिली तर तशीच ताठरतात व मोसमाच्या पहिल्याच फेरीत तुटतात.

होडीत एक जादा इम्पेलर, त्याचे गॅस्केट, एक पट्टा व पाइपाच्या क्लिपा नेहमी ठेवाव्यात. मिस्त्रीबंधूंनीही गिऱ्हाइकाला जुना तुकडा दाखवून दोष समजावून द्यावा. त्याने विश्वास वाढतो आणि धंदाही टिकतो. बंद पडलेल्या इंजिनाने केवळ फेरी बुडत नाही. भरतीच्या जोरात खडकाकडे वाहत जाणाऱ्या होडीत आपल्याच घरची माणसे असतात.