कोंबडीचे मांस व ख्रिस्ती गृहिणीची जबाबदारी

प्रेषितांच्या कृत्यांच्या 10 व्या अध्यायातील पेत्राचा दृष्टान्त आपल्या मंडळ्यांस परिचित आहे. खाण्याच्या पदार्थाने मनुष्य देवापुढे विटाळत नाही, हे आम्ही मानतो. परंतु मार्ककृत शुभवर्तमानाचा 7 वा अध्याय पुढे करून, ‘मग हात धुण्याचे तरी काय कारण?’ असे कोणी म्हणेल, तर तो विपरीत अर्थ होय. तेथे प्रभू अंतःकरणाच्या शुद्धतेविषयी शिकवीत आहे. रोगापासून शरीराचे रक्षण करू नये, असे तो सांगत नाही. जे अन्न विवेकास शुद्ध, तेच हयगयीने हाताळल्यास लेकराच्या जिवावर बेतू शकते.

सन 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला व लाखो पक्षी नष्ट करावे लागले. सन 2022 च्या फेब्रुवारीत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली गावी, तोच रोग आला. अशी वार्ता आली म्हणजे लोक भयाने मांस वर्ज्य करितात, आणि वार्ता ओसरली म्हणजे सावधगिरीही सोडून देतात. वस्तुतः साल्मोनेला व कँपिलोबॅक्टर हे जंतू निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यांतही असतात. त्यांस रंग नाही, वास नाही. त्यांपासून जुलाब, वांती व ताप उद्भवतो, आणि तान्ही मुले, वृद्ध व गरोदर स्त्रिया ह्यांस विशेष धोका असतो.

ह्याकरिता उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर व भोवतालच्या खेड्यांतील आपल्या भगिनींनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1. आजारी पडलेली कोंबडी फुकट जाऊ नये म्हणून घाईने कापण्याची चाल कित्येक घरी आहे. ती सर्वथा सोडावी. एकाएकी पुष्कळ पक्षी मेल्यास त्यांस हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

2. बाजारातून मांस शेवटी घ्यावे व भाजीपासून निराळ्या पिशवीत आणावे. शीतपेटी असल्यास ते झाकून सर्वांत खालच्या फळीवर ठेवावे, म्हणजे त्याचे पाणी इतर अन्नावर गळणार नाही. बर्फासारखे गोठविल्यानेही जंतू मरतातच असे नाही.

3. मांस नळाच्या धारेखाली धुऊ नये. उडणाऱ्या शिंतोड्यांनी जंतू भांड्यांवर व भाजीवर पसरतात. पिसे वा रक्त काढणे भागच असेल, तर पातेल्यातील स्थिर पाण्यात हलक्या हाताने काढावे व मागाहून मोरी साबणाने घासावी. हळद-मिठाने रुची येते, जंतुनाशाचा भरवसा धरता येत नाही.

4. ज्या विळीवर कोंबडी कापली, तिच्यावरच कोशिंबिरीचा कांदा चिरू नये. विळी, पाट व हात साबणाने धुवावेत. हात निदान वीस सेकंद चोळावेत.

5. मांसाच्या जाड भागाच्या आत 74 अंश सेल्सियस उष्णता पोहोचली पाहिजे. उष्णतामापक नसेल तेथे लहान तुकडे करून रस्सा खळखळून उकळावा. मांस हाडापासून सुटेपर्यंत व आत गुलाबी अंश न राहीपर्यंत ते शिजवावे.

उपदेशक बंधूंस आणखी एक सूचना. नाताळ वा हंगामाच्या सणाच्या प्रीतिभोजनास पहाटे शिजविलेला रस्सा उपासना संपेपर्यंत तसाच पडून राहतो. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक, व कडक उन्हाळ्यात एका तासाहून अधिक, उघड्यावर ठेवू नये. ते जेवणापर्यंत चुलीवर वाफाळते ठेवावे. उरलेले उथळ भांड्यांत वाटून लवकर शीतपेटीत ठेवावे, कारण मोठ्या पातेल्याचा मध्यभाग फार वेळ कोमट राहतो व तेथे जंतू वाढतात. शीतपेटीची सोय नसेल, तर जेवढे सरेल तेवढेच रांधावे. एका पातेल्यातील हयगय साऱ्या मंडळीस अंथरुणास खिळवू शकते.

इतकेही करून जुलाब झाल्यास रोग्यास ओ. आर. एस. चे पाणी वारंवार पाजावे. शौचात रक्त दिसल्यास, ताप चढल्यास किंवा मूल निपचित पडल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. प्रार्थना अवश्य करावी, परंतु औषधास उशीर करणे हा विश्वास नव्हे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न: विवेकाची शुद्धता व हातांची स्वच्छता ह्यांत भेद कोणता? धारेखाली मांस का धुऊ नये? आपल्या मंडळीच्या पुढील प्रीतिभोजनात रस्सा किती वेळ ठेवला जाईल, व त्यावर कोण लक्ष ठेवील?