तरुणसंघ चालवणाऱ्या भाच्यास

मंगळवार पेठ, कोल्हापूर



मंडळीच्या पंचांनी तरुणसंघाची जबाबदारी चिरंजीव भाच्याकडे सोपवल्याचे कळले, आणि कामासाठी नव्या कल्पना व साधने सुचवावीत ही विनंतीही पोहोचली. विनंती रास्त आहे, परंतु तिच्यामागची एक समजूत आधी तपासून घ्यावी लागेल. तरुणसंघ, म्हणजे मंडळीतील किशोरवयापासून संसाराला लागेपर्यंतच्या मुलामुलींचे संघटन, कार्यक्रमांच्या नावीन्यावर चालतो असे बहुतेक नव्या पुढाऱ्यांना वाटते आणि म्हणून खेळांच्या याद्या, नवी गाणी, पडद्यावर दाखवण्याजोग्या चित्रफिती यांची जमवाजमव सुरू होते. हे सारे आज मोबाइलवर फुकट आणि हवे तेवढे मिळते, तरीही नाताळचा कार्यक्रम आटोपला की अनेक संघ फेब्रुवारीत ओस पडतात. संघ टिकतो तो दोन गोष्टींवर : प्रत्येक मुलाची कोणीतरी नावानिशी दखल घेत असते, आणि प्रत्येकाच्या हातात कोणते तरी खरे काम असते.

याचा दाखला कोल्हापुरातच मिळतो. रेव्हरंड आर. जी. वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये या संस्थानात आले. त्यांच्या नावाचे स्मारक चर्च शहरात आजही उभे आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट पार्मली वायल्डर १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला आणि पुढे कुटुंब अमेरिकेला परतल्यावर प्रिन्स्टन येथे शिकू लागला. तेथे त्याने काही सहाध्यायी जमवले. ही मंडळी रविवारी दुपारी वायल्डरांच्याच घरी बसत, परदेशातील सेवाकार्याचा अभ्यास आणि प्रार्थना करत, आणि रॉबर्टची बहीण ग्रेस या प्रार्थनेत त्याची खरी भागीदार होती. १८८६ च्या उन्हाळ्यात डी. एल. मूडी या प्रख्यात उपदेशकाने मॅसॅच्युसेट्समधील माउंट हरमन येथे भरवलेल्या विद्यार्थी शिबिराला सुमारे अडीचशे तरुण आले होते. रॉबर्टने त्यांतील मोजक्यांना हाताशी धरले, एकेकाच्या गाठीभेटी घेतल्या, आणि शिबिर संपेपर्यंत शंभर जणांनी परदेशी सेवेस जाण्याची तयारी लिहून दिली. त्यातूनच स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट, म्हणजे परदेशी सेवाकार्यासाठी स्वेच्छेने नाव नोंदवणाऱ्या विद्यार्थ्यांची चळवळ, उभी राहिली आणि पुढील काही दशकांत हजारो तरुण जगभर गेले. कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाने जगातील एका मोठ्या विद्यार्थी चळवळीचा पाया घातला, ही गोष्ट येथील ख्रिस्ती मुलांना सहसा सांगितली जात नाही, हे नवल आहे.

या इतिहासाच्या दोन बाजू चिरंजीवाने ध्यानात घ्याव्यात. एक अशी की शिबिराच्या व्यासपीठापेक्षा रविवारच्या दुपारची घरातली बैठक अधिक मूलभूत होती. शंभर नावे दिसली, पण त्यांच्या मागे काही वर्षांची, कोणाच्या नजरेत न भरणारी संगत होती. दुसरी बाजू कमी सुखावह आहे. नाव नोंदवणाऱ्यांपैकी मोठा भाग प्रत्यक्षात कधीच गेला नाही, आणि पहिल्या महायुद्धानंतर तर चळवळीचा भर ओसरत गेला. भारावलेल्या रात्री दिलेला शब्द सोमवारी सकाळी कोणी विचारला नाही तर तो विरतो. म्हणून मे महिन्याच्या शिबिरात शेकोटीभोवती हात वर करवून घेण्याचा मोह आवरावा. करवून घेतलेच, तर प्रत्येक वर झालेल्या हातामागे जूनपासून भेटणारा एक माणूस आधी नेमून ठेवावा.

साप्ताहिक बैठकीचा कणा पवित्र शास्त्राचे वाचन हाच असावा, मात्र ते प्रवचनाच्या रूपात नसावे, कारण प्रवचन मुलांना रविवारी मिळतेच. येथे उपयोगी पडते ती निरीक्षणपूर्वक अभ्यासाची पद्धत, जिच्यात आधी उताऱ्यात काय लिहिले आहे ते पाहायचे, मग त्याचा अर्थ शोधायचा आणि शेवटी तो स्वतःच्या जगण्याला लावायचा असतो. उदाहरणार्थ, मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय घ्यावा, ज्यात कफर्णहूमच्या एका घरात गर्दी झाल्यामुळे चौघे जण पक्षघाती माणसाला छपरावर नेतात आणि छप्पर उसकटून त्याची बाज येशूपुढे खाली सोडतात. बारा ओव्या एकेकाने मोठ्याने वाचाव्यात, पुस्तके क्षणभर मिटावीत आणि कोणाला काय दिसले ते विचारावे. दारात अडलेली गर्दी कशासाठी आली होती? येशूने विश्वास पाहिला तो नेमका कोणाचा? चौघांपैकी एकाचेही नाव मार्क का सांगत नाही? छप्पर नंतर दुरुस्त कोणी केले, हा प्रश्न कोणीतरी हटकून काढतो आणि सगळे हसतात. तो काढू द्यावा, कारण दुसऱ्याच्या भल्यासाठी झालेल्या खर्चाचा हिशेब कोणाकडे जातो, हा प्रश्न वरवर वाटतो तितका पोरकट नाही. प्रश्न विचारल्यावर पुढाऱ्याने गप्प बसण्याची सवय लावून घ्यावी, कारण शांतता असह्य होऊन स्वतःच उत्तर देऊन टाकणे हा नव्या शिक्षकाचा ठरलेला दोष असतो. शेवटचा प्रश्न मात्र नेमका असावा : या आठवड्यात कोणाची बाज धरायची? तीन बैठका न आलेल्या मुलाचे नाव तेथे निघते, त्याच्याकडे कोणी जायचे हे तेथेच ठरते, आणि पुढील बैठकीची सुरुवात त्या भेटीच्या वृत्तांताने होते. हजेरीची वही ठेवायची ती याचसाठी. ती पंचांना आकडे दाखवण्याचे साधन झाली की तिचा उपयोग संपला.

गाण्याच्या बाबतीत आजच्या संघांत ओढाताण दिसते. मुलांना गिटारवरची हिंदी-इंग्रजी स्तुतिगीते हवी असतात, वडीलधाऱ्यांना ‘उपासना संगीत’ हे जुने गीतपुस्तक सोडवत नाही, आणि दोन्ही बाजू एकमेकींना कंटाळलेल्या असतात. या वादात पडण्यापेक्षा महिन्याला एक जुने मराठी गीत पेटी-तबल्यावर नीट बसवावे, त्यातील अवघड शब्द उलगडावेत आणि ते रचणाऱ्याची हकिकत सांगावी. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण अभंग, भजन आणि कीर्तन त्यांनी सोडले नाही. उलट तुकोबांच्या भाषेतून ख्रिस्तापर्यंत पोहोचता येते, हे त्यांनी आपल्या रचनांतून दाखवले आणि आयुष्याच्या अखेरीस ‘देवाचा दरबार’ उभारून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांची आत्मकथनपर ‘स्मृतिचित्रे’ तर तरुणसंघात मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिली असावीत असे वाटते. विश्वास, संसार, राग, विनोद आणि दारिद्र्य हे सारे त्यात कोणताही उपदेश न करता येते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याची छपाई केडगावच्या मुक्ती सदनातील मुली-बायकांनी केली. संघातील मुलींना फक्त रांगोळी आणि चहाचे काम देणाऱ्या पुढाऱ्याने ही एक गोष्ट तरी माहीत करून घ्यावी. परदेशी पुस्तकांतून उसने घेतलेल्या धड्यांची आवश्यकता त्यानंतर बरीच कमी होते.

मंगळवार पेठेत राहणाऱ्याला शिष्यत्व, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या सहवासात राहून विश्वासाचे जगणे शिकणे, ही कल्पना परकी वाटू नये. तालमीत वस्ताद डाव सांगतो तो हौद्यात उतरून, पकड धरून. नवखा पोरगा जोर-बैठका आणि माती उकरण्यापासून सुरुवात करतो आणि वर्षा-दोन वर्षांनी आपल्याहून लहानाला धरून शिकवू लागतो. तरुणसंघाची रचना नेमकी अशी असावी. चौदा वर्षांच्या मुलाने सतरंज्या घालाव्यात आणि वचन वाचावे, सतरा वर्षांच्या मुलीने संडे स्कूलचा एक वर्ग घ्यावा, विशीतल्याने आजारी वृद्धांच्या घरी पाळकांसोबत जावे. केवळ प्रेक्षक म्हणून बोलावलेला तरुण फार दिवस टिकत नाही. तालमींशी स्पर्धा करण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. शाहू स्टेडियमवर दोन पेठांच्या संघांचा फुटबॉल सामना असेल त्या संध्याकाळी बैठक ठेवून मुले आली नाहीत म्हणून त्यांच्या विश्वासाबद्दल शंका घेणे, हा वेळापत्रकाचा दोष मुलांच्या माथी मारण्याचा प्रकार होय.

वेळापत्रकाचा विचार याहूनही व्यापक आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्याला ठरावीक संध्याकाळ मोकळी मिळत नाही, दहावी-बारावीची मुले जानेवारीपासून दिसेनाशी होतात, आणि पदवीनंतर अनेक जण पुण्याची वाट धरतात. पाळीवाल्यांसाठी महिन्यातून एक बैठक सकाळची ठेवावी, परीक्षेच्या काळात बैठक आटोपशीर करून मंडळीच्या सभागृहात अभ्यासिका चालवावी, आणि पुण्याला जाणाऱ्याचे नाव तेथील एखाद्या मराठी मंडळीच्या पाळकांना तो निघण्यापूर्वीच कळवावे. विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी जागा देण्याची कोल्हापुरात मोठी परंपरा आहे. शाहू महाराजांच्या काळात निरनिराळ्या समाजांसाठी जी वसतिगृहे निघाली, त्यांत भारतीय ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही वसतिगृह होते.

पुढील विषयात, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेत, कसलीही सवलत नाही. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती कायद्याने बालक आहे, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या अधिनियमानुसार, असा अपराध घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळते त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. प्रकरण पंचांच्या बैठकीत मिटवणे, मंडळीची अब्रू जाईल म्हणून गप्प राहणे किंवा आधी स्वतः चौकशी करणे यांपैकी कशालाही मुभा नाही. म्हणून कोणत्याही मोठ्याने एकट्या मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत भेटू नये, शिबिराला मुली असतील तर जबाबदार स्त्रिया सोबत असाव्यात, रात्री-अपरात्री वैयक्तिक संदेश पाठवू नयेत, पालकांच्या संमतीशिवाय मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत, आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक सभागृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा. कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलले तर केवळ प्रार्थना करून घरी धाडू नये. प्रार्थना करावी, घरच्या विश्वासू माणसाला सांगावे आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर किंवा डॉक्टरांकडे त्याच दिवशी संपर्क साधावा.

संघातील मुलांचे बहुतेक मित्र हिंदू आणि मुसलमान असणार, आणि ते स्वाभाविक व चांगले आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचा पूर आला तेव्हा पाण्याने घरांत शिरताना धर्म पाहिला नाही. मदत करणाऱ्यानेही तो पाहू नये, आणि पिठाच्या पिशवीत पत्रक घालू नये. सेवा हे आमिष झाले की ती सेवाही राहत नाही आणि साक्षही. श्रद्धेविषयी कोणी विचारले तर सरळ व नम्र उत्तर द्यावे, परंतु दुसऱ्या घरातील अल्पवयीन मुलाला त्याच्या आईवडिलांच्या नकळत बैठकीस आणू नये.

आईवडिलांविषयी आणखी एक. पौलाने तीमथ्याला, म्हणजे आपल्या तरुण सहकाऱ्याला, पत्र लिहिताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची नावानिशी आठवण केली आहे. चिरंजीवानेही वर्षातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन चहा घ्यावा. बैठकीत न उलगडणारी पुष्कळ कोडी तेथे दहा मिनिटांत उलगडतात. पैशांबाबत थोडक्यात इतकेच की नाताळच्या कॅरल फेरीत जमलेली रक्कम त्याच रात्री दोघांनी मोजावी, दोघांनी सह्या कराव्यात आणि हिशेब पंचांना द्यावा. परदेशातील कोणी हितचिंतकाने वैयक्तिक खात्यावर देणगी पाठवू म्हटले तर नकार द्यावा, कारण परदेशी वर्गणीला स्वतंत्र कायदा व नोंदणी लागते.

शेवटी मुदतीचा प्रश्न उरतो. तरुणसंघाचे काही पुढारी चाळिशीतही तरुणसंघच चालवताना दिसतात आणि त्यांच्यामागे कोणी तयार झालेला नसतो, ही शोभेची गोष्ट नाही. चिरंजीवाने पंचांकडून तीन वर्षांची मुदत लेखी मागून घ्यावी, पहिल्याच महिन्यात एक मुलगा आणि एक मुलगी असे दोन साहाय्यक निवडावेत, दुसऱ्या वर्षापासून निम्म्या बैठका त्यांच्याकडे सोपवून स्वतः मागच्या रांगेत बसावे, आणि त्या दोघांची नावे या पत्राच्या उत्तरात कळवावीत.

मामाचे आशीर्वाद.