लॅपटॉप घेताय? आधी पिनकोड टाका

बारावीचा निकाल लागला, की शिरूर आणि दौंडच्या ओळखीच्या घरांतून मला फोन येऊ लागतात. ‘पोरीला लॅपटॉप घ्यायचाय, कितीपर्यंत बसेल?’ मी किंमत सांगण्याआधी एकच विचारतो: बिघडला तर न्यायचा कुठे? बहुतेकांनी याचा विचार केलेला नसतो. आपल्या भागात खरा खर्च तिथेच होतो.

हे मी अनुभवातून सांगतो. दौंड तालुक्यात राहणाऱ्या भाच्यासाठी मी दोन हजार रुपये वाचवून ऑनलाइन लॅपटॉप मागवला. आठ महिन्यांत चार्जिंगचा पॉइंट ढिला झाला. वॉरंटी होती, पण ‘कॅरी-इन’, म्हणजे वस्तू आपणच सर्व्हिस सेंटरला पोहोचवायची, आणि सेंटर पुण्यात. एकदा द्यायला गेलो, एकदा आणायला गेलो, घरी आल्यावर तोच दोष पुन्हा निघाला, म्हणून परत दोन हेलपाटे. चार दिवस कुणाचा ना कुणाचा रोज बुडाला, आणि भाच्याने प्रकल्पाचा अहवाल मोबाइलवर टाइप केला. वाचवलेले दोन हजार कधीच संपले होते.

म्हणून ‘ऑन-साइट’ वॉरंटी असलेलाच लॅपटॉप बघा. त्यात तंत्रज्ञ घरी येतो. पण खोक्यावर ऑन-साइट लिहिलेलं असलं, तरी ती सेवा प्रत्येक गावाला मिळतेच असं नाही. शिरूर शहराचा पिनकोड 412210, दौंडचा 413801. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा, पिनकोड सांगा आणि उत्तर ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर लेखी मागा. पाटस, कुरकुंभ, मलठण, टाकळी हाजी अशा गावांतल्या लोकांनी आपल्याच गावाचा पिनकोड द्यावा, तालुक्याचा देऊ नये. ज्या कंपनीचं उत्तर ‘हो’ येईल, तिच्यासाठी हजार-दोन हजार जास्त मोजायला हरकत नाही. काही कंपन्या कॅरी-इन वॉरंटी वरचे पैसे घेऊन ऑन-साइट करून देतात, तेही विचारा. पाणी सांडणं, हातातून पडणं हे साध्या वॉरंटीत धरत नाहीत.

आता किंमत. अभ्यास, फॉर्म भरणं, एक्सेल, व्हिडिओ, ऑनलाइन तास एवढ्यासाठी कोअर आय-3 किंवा रायझन-3, 8 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडीचा नवा लॅपटॉप 40,000 च्या आसपास बघावा. चार-पाच वर्षं वापरायचा असेल, इंजिनिअरिंगला किंवा बीसीएला जायचं असेल, तर आय-5 किंवा रायझन-5 आणि 16 जीबी रॅम हवी. ते 55,000 ते 65,000 पर्यंत जातं. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले आहेत. चिप बनवणारे कारखाने एआयच्या डेटा सेंटरसाठी माल काढण्यात गुंतले आहेत, त्याचा हा परिणाम. म्हणून गेल्या वर्षी शेजाऱ्याने किती दिले यावर विसंबू नका, त्या आठवड्याचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारा. 4 जीबी रॅमवर विंडोज 11 चालतं असं कागदावर आहे, पण त्यावर काम करणाऱ्याचा जीव जातो. ते घेऊ नका. रॅम बोर्डावर जोडूनच येत असेल, तर नंतर वाढवता येणार नाही. हे दुकानदाराला स्पष्ट विचारा.

वजन आणि बॅटरी या दोन गोष्टींवर मी जास्त बोलतो, कारण आपली मुलं अप-डाउन करतात. दौंड-पुणे रेल्वेने सुमारे 75 किलोमीटर, आणि सकाळच्या गाडीत बऱ्याचदा उभं राहून जावं लागतं. शिरूरच्या एसटीला शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोलीच्या वाहतुकीत किती वेळ लागेल ते कुणीच सांगू शकत नाही. पाठीवर 14 इंची, 1.4 किलोचा लॅपटॉप आणि 2.3 किलोचा गेमिंग लॅपटॉप यांतला फरक महिनाभरात खांद्याला कळतो, शिवाय गेमिंगच्या अॅडॉप्टरचंच वजन अर्ध्या किलोच्या पुढे जातं.

बॅटरीचं ‘12 तास चालते’ हे जाहिरातीतलं वाक्य सोडून द्या आणि वॉट-अवरचा आकडा बघा. साधं टायपिंग आणि इंटरनेट करताना लॅपटॉप ताशी साधारण 8 ते 10 वॉट-अवर खातो. म्हणजे 42 वॉट-अवरची बॅटरी चार ते पाच तास, 57 ची सहा-सात तास. घरची वीज दिवसाच गायब होत असेल, तर 50 च्या खालची बॅटरी टाळलेली बरी. यूएसबी-सी पोर्टमधून चार्ज होणारा असेल तर आणखी चांगलं, कारण चार्जर हरवला तर योग्य वॉटचा दुसरा कुठेही मिळतो.

विजेचा विषय निघालाच आहे, तर अर्थिंगचं सांगतो. वस्तीवरच्या घरात, उसाच्या पट्ट्यात, लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर हात ठेवला की झिणझिण्या येतात अशी तक्रार मी कितीदा ऐकली आहे. लोकांना वाटतं लॅपटॉप खराब आहे. बहुतेक वेळा दोष घराच्या अर्थिंगचा असतो, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या एक्स्टेंशनमध्ये घातलेला असतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि हजाराच्या आतला चांगला स्पाइक गार्ड लावा. वीज येता-जाता दाब उसळतो, त्यात आधी अॅडॉप्टर जातो आणि कधीकधी त्याच्या मागोमाग बोर्डही. बोर्डाचं काम निघालं, तर खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी आणखी एक बघावं. थंब मशीन, प्रिंटर, डिजिटल सहीचा डोंगल हे सगळं जुन्या चौकोनी यूएसबीत बसतं. दिसायला सुंदर, पातळ लॅपटॉपला असा एकच पोर्ट असतो किंवा नसतोच. मराठी टायपिंगसाठी मात्र वेगळे पैसे देऊ नका, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये असतोच.

ज्यांचं बजेट 20-25 हजारांत संपतं, त्यांनी अगदी स्वस्त नवा लॅपटॉप घेण्याऐवजी कंपन्यांतून निघालेला वापरलेला लॅपटॉप घ्यावा असं माझं मत आहे. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जाती दणकट असतात. पण विंडोज 10 ची मदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, आणि विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचाच प्रोसेसर चालतो. सहाव्या-सातव्या पिढीचा कितीही चकाचक दिसला तरी सोडून द्या. दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. मूळ क्षमता आणि आताची क्षमता हे दोन आकडे त्यात असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या 60 टक्क्यांखाली असेल, तर नव्या बॅटरीचे तीन-चार हजार किमतीतून कमी करून घ्या. चालू करून बायोसला पासवर्ड नाही ना, हेही बघा. जुन्या कंपनीचं कुलूप तसंच राहिलं, तर पुढे ते उघडणं अवघड जातं.

‘बिल नको असेल तर कमी करतो’ याला हो म्हणू नका. लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी आहे. 45,000 च्या लॅपटॉपमध्ये 6,864 रुपये कर असतो. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने धंद्यासाठी घेतला आणि बिलावर आपला नंबर घातला, तर एवढ्याचं क्रेडिट त्याला मिळू शकतं. इतरांसाठी बिल हाच पुरावा आहे, आणि त्यावर सिरीयल नंबर असायलाच हवा. हप्त्याने घेताना ‘नो कॉस्ट’ या शब्दावर थांबू नका. फाइल चार्ज आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा लागतो. सगळे हप्ते आणि शुल्क कागदावर मांडून बेरीज करा, मग रोखीच्या भावाशी ताडून बघा.

तरीही फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. तिथे निपटारा झाला नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, विकणारी कंपनी बंगळुरूची असली तरी. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. दुकानदाराशी झालेलं बोलणं लेखी ठेवलं असेल, तर तिथे ते फार कामाला येतं.

आणि पैसे देऊन लगेच निघू नका. खोकं दुकानातच उघडा, ऑनलाइन आलं असेल तर उघडताना व्हिडिओ काढा. स्क्रीन पूर्ण पांढरी करून ठिपका दिसतो का बघा, सगळ्या कळा दाबून बघा, कॅमेरा आणि वायफाय चालू करा. मग मोबाइलवर कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाका. वॉरंटी आजच्या तारखेपासून दिसली पाहिजे. ती दोन-तीन महिने आधी सुरू झालेली दिसली, तर तिथेच, काउंटरवरच, बिल दाखवून दुरुस्त करून घ्या.