जुन्या लहान विमानाचे उचित मोल : व्यापारी बंधूंसाठी एक अभ्यासपाठ

जोयडा, म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका, हा अरण्याचा व घाटवाटांचा मुलूख होय. रामनगर, कॅसलरॉक, कुंभारवाडा, उळवी अशा गावी माल पोहोचविणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना जुना ट्रक पारखून घेण्याची विद्या निराळी शिकवावी लागत नाही. जुने विमान मात्र आजवर त्यांच्या व्यवहारकक्षेबाहेरचे राहिले. तालुक्यात विमानतळ नाही; परंतु शेजारच्या बेळगावचा सांबरा विमानतळ दूर नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने 2021 साली वैमानिक-प्रशिक्षण संस्थांसाठी जी पाच ठिकाणे निवडली, त्यांत जळगावाबरोबर बेळगावही होते. अशा संस्थांचे काम लहान विमानांवर चालते, आणि ही विमाने अनेकदा जुनी विकत घेतली जातात. म्हणून त्यांचे मोल कसे ठरवावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विषय व्यापारी वर्गास सर्वस्वी नवा नाही. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी 1940 च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. 1942 साली सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. महायुद्ध संपल्यावर कानपूर येथे लिबरेटर जातीची बाँबफेकी विमाने मुद्दाम निकामी करून टाकून दिलेली होती. याच कारखान्याने ती दुरुस्त केली, आणि भारतीय वायुसेनेने ती 1968 पर्यंत वापरली. यातून व्यापाऱ्याने घ्यावयाचा बोध असा की, जुन्या विमानाची खरी किंमत म्हणजे विक्रेत्यास दिलेले पैसे अधिक ते निर्धोक उडेपर्यंत होणारा खर्च. ही बेरीज न करता केलेला सौदा स्वस्त वाटला तरी महागच पडतो.

ट्रकाचे वय आपण वर्षांत व किलोमीटरांत मोजतो; विमानाचे वय उड्डाणाच्या तासांत मोजतात. सेसना 172 सारख्या चार आसनी विमानातील लायकमिंग इंजिन साधारणपणे 2,000 तासांनंतर संपूर्ण उघडून दुरुस्त करावे, म्हणजे ओव्हरहॉल करावे, अशी निर्मात्याची शिफारस असते. तास पुरे झाले नाहीत तरी बारा वर्षांनी तेच करावे, असेही निर्माता सांगतो. येथे नवशिका ग्राहक फसतो. ‘फार थोडे उडालेले विमान’ ही स्तुती नेहमीच खरी नसते. या इंजिनाचा कॅमशाफ्ट वरच्या भागात असतो. इंजिन दीर्घकाळ बंद राहिले की त्यावरील तेल ओघळून जाते आणि दमट हवेत गंज चढतो. आपल्या पावसाळ्यात उघड्यावर उभे राहिलेले विमान नित्य उडणाऱ्या विमानापेक्षा अधिक झिजलेले असू शकते.

आता हिशेबाची रीत पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणार्थ आहेत. समजा, त्याच बनावटीचे व त्याच वयाचे, परंतु इंजिनाचे अर्धे आयुष्य शिल्लक असलेले विमान 90 लाखांस विकले जाते, आणि इंजिनाच्या ओव्हरहॉलला 32 लाख लागतात. म्हणजे 2,000 तासांच्या मानाने तासामागे 1,600 रुपये झीज पडते. आपल्यापुढील विमानाचे इंजिन 1,500 तास चालले आहे. निम्म्याहून 500 तास अधिक. म्हणून 8 लाख वजा करावे. राहिले 82 लाख. तपासणीत 5 लाखांची दुरुस्ती निघाली, तर उचित मोल 77 लाख. उलटपक्षी इंजिन 500 तासच चालले असते, तर तेच 8 लाख मुळात मिळविणे न्यायाचे ठरते. जो वजाबाकी मागतो त्याने बेरीजही मान्य करावी.

या हिशेबास आधार कागदपत्रांचा. विमानाच्या व इंजिनाच्या लॉगबुकात प्रत्येक उड्डाणाची व दुरुस्तीची नोंद असते. आपण चोपडी जशी पहिल्या पानापासून तपासतो, तशी ती तपासावी. गहाळ पान म्हणजे गहाळ इतिहास. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडील नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र पाहावे. विमानावर कर्जाचा बोजा आहे काय, याचा शोध घ्यावा. विमानावरील धनकोच्या हक्कांविषयी संसदेने 2025 साली स्वतंत्र कायदाच केला आहे. तपासणीस परवानाधारक अभियंता आपला असावा. विक्रेत्याच्या विमानाची नित्य देखभाल करणाराच आपला परीक्षक असू नये.

प्रत्यक्ष बोलणीचे नियम थोडके आहेत. प्रथम आपली कमाल मर्यादा मनाशी ठरवून लिहून ठेवावी. अवास्तव कमी भाव सांगून बोलणी सुरू करू नये. त्याने विक्रेता दुखावतो आणि पुढे दोष सांगेनासा होतो. ‘भाव जास्त आहे’ असे न म्हणता, ‘या तीन कामांना इतका खर्च आहे, तो कोणी सोसावा?’ असे विचारावे. इसार द्यावयाचा तर तपासणीत मोठा दोष निघाल्यास तो परत मिळेल, अशी अट इसारपावतीत घालावी. आणि हिशेब जुळत नसेल तर नम्रपणे उठून यावे.

घाटात ट्रक बंद पडला तर तो रस्त्याच्या कडेला उभा करता येतो. आकाशातील विमानाला ती सोय नाही. त्यातून उद्या कोणाचा तरी विद्यार्थी मुलगा वा मुलगी उडणार आहे. म्हणूनच सर्वांत कमी किंमत ही येथे उचित किंमत नव्हे. ज्या किमतीत विक्रेत्याला दोष लपवावा लागत नाही आणि ग्राहकाजवळ दुरुस्तीसाठी पैसा शिल्लक राहतो, तीच उचित किंमत, असे सुज्ञ व्यापाऱ्याने समजावे.